जाणाऱ्याला कसं वागवतात, ते आधी पाहा

वेरूळच्या माणसाला देव शोधायला लांब जावं लागत नाही. घृष्णेश्वराच्या वाटेवर आमचं बेलफुलांचं दुकान आहे. श्रावणी सोमवारी पहाटेपासून रांग लागते, महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. पुरुष सदरा काढून गाभाऱ्यात जातात, बायाबापड्या पदर सावरत पिंडीवर बेल वाहतात आणि आपापल्या गावाला निघून जातात. मागच्या सोमवारी का आला नाहीत, असं तिथे कुणी विचारत नाही. पुन्हा कधीच आला नाहीत, तरी तुमच्या नावाने कुणी बोटं मोडत नाही.

असं देऊळ उंबऱ्याशी असताना मी काही वर्षं एका गुरूच्या परिवारात होते, आणि तिथून बाहेर पडले. त्या परिवाराचं नाव मी इथे घेणार नाही. नावं वेगळी असली तरी अशा अनेक ठिकाणची रीत सारखीच असते, आणि ती ओळखता आली तरच वाचणाऱ्याच्या उपयोगाची.

माझ्या मुलाला लहानपणी फिट येऊ लागल्या. शाळेत बाकावरून पडला आणि घर हादरलं. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा, कुणी हात बांधून घ्या म्हणालं. संभाजीनगरला घाटी रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की हा अपस्मार आहे, गोळ्या काही वर्षं चालतील आणि एकही वेळ चुकवायची नाही. गोळ्यांनी फिट आटोक्यात आल्या, पण माझी भीती कुठे जाते? रात्री तो कूस वळला तरी मी उठून बसायची. शहरात दिलेली माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, गुरुवारी सत्संगाला चल. नुसती बसून ये."

तिथे पहिल्याच दिवशी मला बोलू दिलं, आणि माझं बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घातलं नाही. सासर, दुकान आणि दवाखाना यांत अडकलेल्या बाईला दोन तास हक्काने बसायला मिळतं, भजनाला आवाज लावता येतो, कुणी "जेवलीस का?" विचारतं, याचं मोल मी कमी मानत नाही. माणसं अशा ठिकाणी जातात ती जिव्हाळ्याच्या ओढीने. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांना या प्रश्नातलं काहीच कळलेलं नसतं.

मग सेवा सुरू झाली. रोज सकाळी फोन, शनिवारी साफसफाई, उत्सवाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणं. माहेरी जायचं तर आधी विचारायचं. आणि वही. मनात जे जे असेल ते दर महिन्याला वहीत लिहायचं, खाली नाव आणि तारीख घालायची. घरातली भांडणं, उधारी, नवऱ्याशी झालेला वाद, गुरूंविषयी आलेली शंका, सगळं. लिहिलं की मन हलकं होतं, असं सांगायचे आणि खरंच हलकं व्हायचं. दिराशी जमिनीवरून झालेला तंटा मी लिहिला. बचत गटाचं कर्ज घरी न सांगता घेतलं होतं, तेही लिहिलं. वही घरी न्यायची परवानगी नव्हती. ती तिथल्या लोखंडी कपाटात राहायची आणि किल्ली प्रमुख ताईंच्या कमरेला.

एका अनुष्ठानाच्या वेळी ताई म्हणाल्या की एवढे दिवस मुलाच्या गोळ्या बंद ठेव, गोळ्या आणि कृपा एका वेळी चालत नाहीत. मी म्हणाले, "गोळ्या बंद होणार नाहीत. बाकी सांगाल ते करीन." अपस्माराच्या गोळ्या एकाएकी सोडल्या तर फिट लागून येतात, कधी थांबतच नाहीत आणि जिवावर बेततं, हे घाटीत मला नीट समजावलेलं होतं.

आधी गोड शब्दांत समजूत घातली गेली. पुढच्या गुरुवारी ताईंनी भर सत्संगात "आपल्यातल्या एका भगिनीची" गोष्ट सांगितली. तीत जमिनीचा तंटा होता, घरी न सांगता घेतलेलं कर्ज होतं. नाव घेतलं नाही, पण अख्ख्या सभेच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या आठवड्यात ते कर्ज माझ्या नवऱ्यालाही बाहेरून कळलं. नंतर परिवारातल्या बायका दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागल्या. शेवटी बहीण आली. घरात बसली नाही, पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्या म्हणाली, "तू गुरुद्रोह केलास. मला तुझ्याकडे येता येणार नाही." हे बोलणं तिचं नव्हतं. आधी परिवार सोडून गेलेल्या एका बाईबद्दल ताईंच्या तोंडून मी हेच शब्द, याच क्रमाने ऐकले होते.

पुढे मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने मला अमेरिकेतल्या सायंटॉलॉजीबद्दल सांगितलं. एल. रॉन हबर्ड या विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाने १९५० मध्ये 'डायनेटिक्स' हे पुस्तक काढलं आणि १९५४ मध्ये त्यातून चर्च उभं राहिलं. तिथे 'ऑडिटिंग' चालतं. माणसाच्या दोन्ही हातांत ई-मीटर नावाच्या यंत्राची धातूची नळकांडी देतात आणि त्याला मनातलं एकेक बोलायला लावतात. बोललेल्याची नोंद फायलीत राहते. सोडून गेलेल्या, विरोधात बोलणाऱ्या माणसाला शत्रू ठरवतात आणि आत राहिलेले नातेवाईक त्याच्याशी संबंध तोडतात.

लीया रेमिनी ही दूरदर्शन मालिकांतली नावाजलेली नटी लहानपणी आईबरोबर त्यात गेली आणि २०१३ मध्ये बाहेर पडली. तिने पुस्तक लिहिलं. २०१६ पासून माइक रिंडर यांच्यासोबत मालिका केली आणि बाहेर पडलेल्यांना एकेक करून बोलतं केलं. हे रिंडर एकेकाळी त्याच संस्थेचे प्रवक्ते होते. २००७ मध्ये त्यांनी संस्था सोडली, तेव्हा पोटच्या मुलांनी त्यांच्याशी नातं तोडलं. जानेवारी २०२५ मध्ये ते वारले. संस्था हे सगळे आरोप नाकारते, आणि कुणाशी संबंध ठेवायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, असं म्हणते. माझ्या बहिणीनेही ठरवलं होतं असंच परिवारातले म्हणतात. त्या मालिकेची भाषा मला कळली नाही. तिथे बसून रडणाऱ्या आया मात्र कळल्या.

आपल्या देशात तर बोलणाऱ्यांनी प्राण गमावले आहेत. अमृत प्रजापती हे स्वतःला गुरू म्हणवणाऱ्या आसारामच्या आश्रमात वैद्य होते. बाहेर पडून ते उघडपणे बोलू लागले, त्याच्याविरुद्धच्या खटल्यात साक्षीदार झाले. मे २०१४ मध्ये राजकोटला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि जूनमध्ये ते गेले. त्याच आश्रमात पूर्वी काम केलेल्या महेंद्र चावला यांच्यावर मे २०१५ मध्ये पानिपतजवळ हल्ला झाला. ते वाचले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याच याचिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना साऱ्या देशाला लागू केली. एका बाहेर पडलेल्या माणसाने सगळ्यांसाठी एवढं मिळवून ठेवलं.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. प्रदक्षिणा, वारी, भजन, कीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही. धर्म बुडवायला आणलेला कायदा म्हणून तुम्हाला कुणी घाबरवलं, तर हे त्याला सांगा.

आता मी गावोगाव बचत गटांच्या बैठकांत बोलते. तिथे जे सांगते, तेच इथे लिहिते.

आत जाण्याआधी

पहिली मागणी ही करा: इथून सोडून गेलेल्या कुणाशी तरी माझी गाठ घालून द्या. चांगल्या जागेला यात अडचण नसते. "इथून कुणी जातच नाही" किंवा "गेले त्यांचं वाटोळं झालं" असं उत्तर आलं, तर चप्पल घालून घरी या. पैसे दिलेत तर पावती मागा. नोंदणीकृत न्यास असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पडताळून पाहा. आणि मनातलं सांगायचं ते तोंडी सांगा. स्वतःच्या अक्षरात, नावानिशी लिहून कुणाच्या कपाटात ठेवू नका.

आजार असेल तर

प्रार्थना जरूर करा, पण औषध थांबवायला सांगणारा माणूस कितीही मोठा असो, त्याचं ऐकू नका. अपस्मारावर नियमित उपचार झाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना गाठा. मंत्र, ताईत, कवच यांनी अपस्मार बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

बाहेर पडताना

भांडून, ओरडून निघू नका. आधी आधार कार्ड, बँकेची पासबुकं, घराजमिनीची कागदपत्रं, दागिने आपल्या ताब्यात घ्या. तुमचं जे गुपित त्यांच्याकडे आहे, ते घरात ज्याच्यावर विश्वास आहे त्याला स्वतःच सांगून टाका. कर्जाची गोष्ट नवऱ्याला दुसऱ्याकडून कळली म्हणून आमच्या घरात भडका उडाला. ती माझ्याकडून कळली असती, तर त्या वहीत दम उरला नसता. गुपित फोडण्याची धमकी देणं, त्या जोरावर पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३५१ आणि ३०८ कलमांखाली गुन्हे आहेत. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो, प्रकरण त्या कायद्यात बसत असेल तर त्याला भेटायचं आहे असं ठाण्यात ठामपणे सांगा.

वाळीत टाकलं जात असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो जातपंचायतींमुळे माहीत झाला, पण एका धर्मपंथाच्या लोकांनी घातलेला बहिष्कारही त्यात बसू शकतो, म्हणून वकिलाला विचारा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून बायांनी मागे हटू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बाहेर पडल्यावर पहिले काही महिने फार जड जातात. सकाळी फोन वाजत नाही, गुरुवार खायला उठतो. जीव घाबरा झाला, झोप उडाली तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर बोला. ती सेवा सरकारी आणि मोफत आहे. आणि भजन सोडू नका. मी सोडलेलं नाही. माझा देव मी त्या कपाटात ठेवून आले नाही.

घरच्यांसाठी

तुमचं माणूस आत असेल तर त्याच्या गुरूला शिव्या देऊ नका, त्याची टिंगल करू नका. बाहेरचे सगळे वैरी आहेत, असं त्याला आत रोज शिकवलं जातं. तुम्ही तोंड सोडलंत की ते खरं ठरतं. सणावाराला बोलावत राहा, आजारपणात जा, पैशाचा विषय निघाला तर मात्र ठाम राहा. माझी बहीण येत नाही, पण दर दिवाळीला मी तिच्या मुलांना कपडे पाठवते. ते परत आलेले नाहीत.

बोलायचं ठरवलंत तर

डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच बोला. तारीख, पावती, चिठ्ठी, संदेश जपून ठेवा. एकट्याने बोलू नका. सोबत संघटना असू द्या, वकील असू द्या. साक्षीदार म्हणून जिवाला धोका वाटला तर संरक्षणासाठी अर्ज करता येतो. त्यासाठीच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. आत राहिलेल्या साध्या माणसांचा अपमान करू नका. उद्या त्यांच्यातलं कुणी बाहेर पडलं, तर ते तुमच्याच दारात येणार आहे.

माझा मुलगा आज कमावता आहे आणि गोळ्या वेळेवर घेतो. बहिणीचं दुःख आहे, ते राहील. पण एक गोष्ट मला पक्की कळली आहे. गुरू किती मोठा, हे त्याच्यासमोर वाकलेल्या माना मोजून ठरत नाही. "नाही" म्हणून उठून गेलेल्या माणसाचा संसार, मान आणि नाती तो शाबूत ठेवतो की नाही, यावर ते ठरतं. तुमच्या गुरूला या कसोटीवर लावून पाहा. उतरला तर खुशाल त्याच्या पाया पडा. उतरला नाही तर आजच निघा, आणि निघाल्यावर गप्प बसू नका.