कुलूप आणि किल्ली

प्रस्तावना

घरातील महत्त्वाचे कागद तुम्ही कोठे ठेवता? पूर्वी ते लोखंडी पेटीत असत आणि पेटीची किल्ली घरातील वडीलधाऱ्यांच्या कमरेला असे. आज हेच कागद आपण संगणकात ठेवतो. परक्याने ते वाचू नयेत म्हणून काहीजण ते कूटबद्ध करतात, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत अशा रूपात साठवतात. ही साठवण कितपत भरवशाची असते, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• कूटबद्ध साठवण म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• गुप्तता आणि टिकाऊपणा यांतील भेद स्पष्ट करू शकाल;
• अशी साठवण करताना घ्यावयाची काळजी सांगू शकाल.

मूळ पाठ

जबलपूर शहराच्या ओमती भागात माझ्या थोरल्या बंधूंचे घर आहे. दादा अत्यंत व्यवस्थित गृहस्थ होते. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या रात्री घराच्या भिंतींना तडे गेले, कागदांचे कपाट आडवे झाले. पुढे पावसाळ्यातील ओलीने आईच्या जुन्या पत्रांना बुरशी धरली. तेव्हापासून ‘एका कपाटावर विसंबू नये’ हे दादांचे पालुपद झाले.

संगणक आल्यावर त्यांनी उरलीसुरली पत्रे, छायाचित्रे, विम्याच्या व बँकेच्या नोंदी यांची प्रतिमा काढून त्या डिस्कवर उतरवल्या. सगळे कूटबद्ध केले. एक डिस्क ओमतीत ठेवली, दुसरी नागपूरला बहिणीकडे दिली. परवलीचा शब्द मात्र त्यांनी कोणाला सांगितला नाही, की कोठे लिहूनही ठेवला नाही.

२०१९ साली दादा अचानक गेले. दोन्ही डिस्क आमच्यासमोर होत्या. वहिनींनी मुलांच्या जन्मतारखा, कुलदैवताचे नाव, जुन्या घराचा क्रमांक, जे जे आठवले ते ते वापरून पाहिले. कुलूप उघडले नाही. संगणक दुरुस्त करणारा तरुण प्रामाणिक होता. तो म्हणाला, “डिस्कमध्ये काहीच बिघाड नाही, काकू. म्हणूनच मला दुरुस्त करण्यासारखे काही नाही.” विम्याच्या नोंदी कचेऱ्यांत खेटे घालून पुन्हा मिळाल्या. आईची पत्रे मिळाली नाहीत.

त्याच कपाटात आजोबांचे एक दप्तर निघाले. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. आमच्यासारखी कित्येक मराठी घराणी नागपूरकडूनच इकडे आली. दप्तर मोडी लिपीत होते आणि घरात कोणालाही मोडी वाचता येत नव्हती. नागपूरच्या एका जाणकाराने मात्र दोन दुपारींत ते वाचून दिले. कागद जीर्ण होते, कडा कुरतडलेल्या होत्या, तरी मजकूर हाती लागला. वहिनी एवढेच म्हणाल्या, “आजोबांचे कागद बोलले, यांचे मात्र गप्पच राहिले.”

चला, समजून घेऊया

मोडी ही गुप्त लिपी नव्हे. तिची किल्ली, म्हणजे अक्षरओळख, समाजाजवळ आहे. एकाला ठाऊक नसली तर दुसरा सापडतो. कूटबद्ध फाईलची किल्ली मात्र मालकाखेरीज जगात कोणाजवळही नसते. तिचे सामर्थ्य यातच आहे आणि धोकाही यातच आहे.

अशा साठवणीत बहुधा एईएस ही पद्धत वापरली जाते. अमेरिकेने ती २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची किल्ली २५६ बिटांची असल्यास संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी होते. त्या एकेक करून लावून पाहणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून चोर बहुधा किल्ली शोधत नाही; तो सोपा परवलीचा शब्द ओळखू पाहतो. परवलीचा शब्द लांब असावा तो यासाठी.

आता किल्ली कोठे असते ते पाहू. संगणक प्रथम एक मूळ किल्ली स्वतः तयार करतो आणि तिने फाईली बंद करतो. ही मूळ किल्ली तुमच्या परवलीच्या शब्दाच्या आधारे बंद करून डिस्कच्या एका लहानशा भागात ठेवली जाते. त्या भागाला हेडर म्हणतात. व्हेराक्रिप्ट या प्रणालीत तो अवघा ५१२ बाइटांचा असतो. अन्य ठिकाणी एखादा बिट बिघडला, तर सामान्यतः १६ बाइटांचा तुकडाच वाचता येत नाही. परंतु हेडर नष्ट झाले आणि त्याची प्रत नसली, तर परवलीचा शब्द अचूक आठवत असूनही सर्व काही जाते.

तात्पर्य, परक्यापासून राखणे ही गुप्तता. आपल्यासाठी टिकवणे हा टिकाऊपणा. कूटबद्ध केल्याने पहिली गोष्ट साधते. दुसरीची तजवीज आपणच करावी लागते.

घ्यावयाची काळजी

१. किमान दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.
२. हेडरची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. विंडोजमधील बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली देते. ती कागदावर उतरवून ठेवावी. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये अशी व्यवस्था मालकाच्या नकळत सुरू झालेली असते, तेव्हा आपल्या यंत्रात ती आहे का हे आजच पाहावे.
३. परवलीचा शब्द बंद पाकिटात, मृत्युपत्राच्या कागदांबरोबर ठेवावा आणि ते पाकीट कोठे आहे हे एका विश्वासू माणसाला सांगावे.
४. वर्षातून दोनदा प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत चांगलीच आहे, असे मानू नये.
५. काम संपल्यावर डिस्क रीतसर बंद करूनच काढावी. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फाईल बिघडू शकते.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. दादांच्या डिस्क उघडल्या नाहीत, कारण
(अ) त्या भूकंपात बिघडल्या (आ) परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता (इ) त्यांची एकच प्रत होती
२. मूळ किल्ली साठवली जाते ती
(अ) हेडरमध्ये (आ) पडद्यावर (इ) छायाचित्रात

तुम्ही काय शिकलात?

• कूटबद्ध साठवण चोरापासून वाचवते, विस्मरणापासून वाचवत नाही.
• जितके कुलूप पक्के, तितकी किल्ली जपण्याची जबाबदारी मोठी.
• किल्ली गुप्त असावी. पण ती एकाच माणसाबरोबर संपू नये.

पाठान्त प्रश्न

१. दादांनी कोणती काळजी घेतली आणि कोणती राहून गेली?
२. ‘आजोबांचे कागद बोलले, यांचे मात्र गप्पच राहिले’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील कोणते कागद केवळ एकाच व्यक्तीला सापडू शकतात? त्यांची यादी करून त्या व्यक्तीशी बोला आणि त्या संभाषणावर दहा ओळी लिहा.