बियाणं आधी राखून ठेवा

शेतकऱ्याच्या घरात एक रीत असते. कितीही अडचण येवो, बियाण्याच्या मडक्याला कोणी हात लावत नाही. बी गेले तर पुढचे साल गेले, हे सगळ्यांना ठाऊक असते. आज आपण असेच एक बियाणे राखण्याविषयी वाचू.

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. त्याच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांत बारीक बारीक स्त्रीबीजे असतात. मुलगी जन्मते तेव्हा १० ते २० लाख बीजे सोबत घेऊन येते. वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. पुढे ती कमीच होत जातात. शेतात दर साली नवे बी पिकते. इथे तसे नाही. ही कणगी एकदाच भरलेली असते.

औषधाने काय होते?

कर्करोग तरण्या मुलींनाही होतो. स्तनाचा होतो, रक्ताचा होतो. आता यातल्या पुष्कळ जणी बऱ्या होतात. बऱ्या झाल्यावर संसार करावा, मूल व्हावे, असे त्यांना वाटते. वाटणारच!

या रोगावर केमो नावाचे औषध देतात. रोगाच्या पेशी भराभर वाढतात. हे औषध त्यांना मारते. पण तणावर फवारलेले औषध पिकालाही लागते ना? तसेच इथे होते. डोक्याचे केस गळतात ते त्यामुळेच. केस पुन्हा येतात. गेलेले बीज मात्र पुन्हा येत नाही. ओटीपोटावर किरणांचा शेक दिला, तर अंडाशयांना आणि गर्भाशयालाही इजा होते.

सगळ्यांना सारखीच बाधा होते असे नाही. कोणते औषध, किती दिले, बाईचे वय काय, यावर ते असते.

बीज कसे राखतात?

पहिला उपाय बीजे गोठवण्याचा. दहा ते चौदा दिवस सुया देतात. मग बाईला गुंगी देऊन बारीक सुईने बीजे काढून घेतात. ती शून्याखाली १९६ अंश इतक्या थंडीत ठेवतात. लग्न झालेले नसले तरी हे करता येते. लग्न झालेले असेल, तर नवऱ्याच्या बीजाशी मिळवून गर्भ तयार करतात आणि तो गोठवतात. बीज शरीराबाहेर फळवण्याची विद्या आता जुनी झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली असे मूल जन्मले.

दुसरा उपाय अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याचा. पाळी न आलेल्या लहान मुलीसाठी हाच उपाय असतो. बरे झाल्यावर तो तुकडा परत बसवतात. २००४ साली बेल्जियम देशात एका बाईला असे मूल झाले.

तिसरा उपाय शेक देण्याआधी करतात. अंडाशये शस्त्रक्रियेने वर सरकवून ठेवतात, म्हणजे त्यांना शेक कमी लागतो.

मनातल्या शंका

“आधी जीव का आधी मूल?”

आधी जीव. रक्ताच्या काही कर्करोगांत थांबायला सवडच नसते. तिथे डॉक्टर लगेच औषध चालू करतात. स्तनाच्या कर्करोगात मात्र बहुधा दोन आठवडे मिळतात.

“मग मूल होणारच ना?”

तशी हमी कोणी देऊ शकत नाही. पेरलेले प्रत्येक बी उगवत नाही. पण कणगी रिकामी झाल्यावर पेरायचे काय? आणि मूल नाही झाले, म्हणून बाई उणी ठरत नाही.

“पैसा किती लागतो?”

पुष्कळ लागतो. साठवणीचे पैसेही वेगळे द्यावे लागतात. म्हणून आकडा आधी विचारावा. मोठ्या रुग्णालयात समाजसेवक असतात. मदत कुठे मिळेल, हे त्यांना विचारावे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्र नोंदलेले असावे लागते आणि बाईची लेखी संमती घ्यावी लागते. कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

विचारायचे कोणी?

खरी अडचण इथेच आहे. डॉक्टरांचे लक्ष जीव वाचवण्याकडे असते. घरचे घाबरलेले असतात. आणि पोरगी लाजते. सासऱ्यासमोर, भावासमोर असले कसे विचारायचे? असे करता करता औषध चालू होते आणि वेळ निघून जाते. म्हणून आईने, सासूने, नवऱ्याने आपण होऊन विषय काढावा. मुलीची इच्छा काय, हेही तिलाच विचारावे.

बोलायला जड जात असेल, तर लिहून न्यावे. आता आपल्याला लिहिता येते! कागदावर एवढेच लिहा:

१. या औषधाने पुढे मूल होण्याला बाधा येईल का?
२. औषधाआधी बीज राखता येईल का?
३. त्यासाठी आपल्याजवळ किती दिवस आहेत?

हा कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या हातात द्या. पेरणी झाल्यावर बियाण्याचा विचार करून काय उपयोग?

सांगा पाहू

१. केस परत येतात, मग काय परत येत नाही?
२. पाळी न आलेल्या मुलीसाठी कोणता उपाय असतो?
३. वरचे तीन प्रश्न वहीत सुवाच्य अक्षरात लिहा. शेजारणीला वाचून दाखवा.