परसातील जपानी लावा : निवारा आणि फटींतील शत्रू

जपानी लावा १९७४ मध्ये भारतात आणला गेला आणि इज्जतनगर येथील संशोधनानंतर त्याचे पालन देशभर पसरले. उत्तरेत त्याला बटेर म्हणतात, तमिळनाडूत काडै. दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा आणि सहा-सात आठवड्यांत अंडी देऊ लागणारा हा पक्षी आता हौसेखातर परसात वा गच्चीवरही पाळला जातो. रानातील लावे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. ते पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, म्हणून पक्षी उबवणी केंद्रातूनच पावतीसह घ्यावेत.

कोंबडीच्या अनुभवावरून लाव्याचे घर बांधणे ही पहिली चूक ठरते. लावा दांडीवर बसत नाही आणि मोकळा सोडल्यास सायंकाळी खुराड्यात परतत नाही. दचकला की तो सरळ वर उसळतो. छत दोन-तीन फूट उंचीवर असेल तर नेमका पूर्ण वेगात डोके आपटून त्याची कवटी फुटते. त्यामुळे छत एक तर २५ ते ३० सेंटिमीटरवर असावे, म्हणजे वेगच येत नाही, किंवा माणूस उभा राहील इतके उंच असावे आणि त्याखाली मऊ जाळे ताणलेले असावे. हौशी पालनात प्रत्येक पक्ष्यास किमान एक चौरस फूट जागा द्यावी.

बाजारातील षटकोनी छिद्रांची कोंबडीजाळी येथे कुचकामी आहे. तिच्यातून साप शिरतो, मांजराचा पंजा आत पोहोचतो आणि तिची पातळ तार घूसही तोडते. बारा मिलिमीटर किंवा त्याहून लहान चौकोनांची वेल्डेड जाळी वापरावी. पिंजरा जमिनीवर असल्यास हीच जाळी कडेने बाहेरच्या बाजूस फूटभर आडवी पुरावी, म्हणजे मुंगूस उकरू लागले तरी वाट अडते.

मुंगूस निदान दिसते तरी. खरा धोका फटींत असतो. कोंबडीवर्गीय पक्ष्यांची लाल माइट दिवसा लाकडाच्या सांध्यांत, बांबूच्या पेरांत, खिळ्यांच्या भोकांत दडते आणि रात्री बाहेर येऊन रक्त शोषते. म्हणूनच दिवसा पक्षी तपासणाऱ्यास ती सापडत नाही. पक्षी सुस्त होतात, अंडी घटतात, त्वचा फिकट पडते आणि दोष खाद्यावर टाकला जातो. उबदार हवेत तिची एक पिढी ७ ते १० दिवसांत पूर्ण होते, आणि पिंजरा रिकामा ठेवला तरी ती काही महिने उपाशी जगू शकते. चपटी गोचीड याच फटींत राहते व स्पायरोकीटोसिस हा रोग पसरवते. बांबूचे सुबक खुराडे दिसायला छान असले तरी या दोघींसाठी ते तयार घर आहे. लोखंडी सांगाडा व जाळी हाच उत्तम पर्याय. लाकूड वापरणे भागच असेल तर सांधे बुजवून वरचेवर चुन्याचा हात द्यावा.

तपासणीची रीत सोपी आहे. नालीदार पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या कोपऱ्यांत दोन-तीन दिवस ठेवून पांढऱ्या कागदावर झटकाव्यात. हलणारे तांबडे-करडे ठिपके दिसले आणि चिरडल्यावर रक्ताचा डाग पडला, तर निदान पक्के. पक्षी हलवून रिकामा धातूचा पिंजरा फ्लेम गनने भाजावा किंवा उकळत्या पाण्याने धुवावा व दहा दिवसांच्या आत पुन्हा धुवावा. विस्तार कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. पिकावरील लाल कोळी आणि ही माइट यांत नावाचेच साम्य आहे. पिकासाठी आणलेले कोळीनाशक येथे फवारल्यास इवल्या पक्ष्यांना विषबाधा होते आणि अंड्यांत अवशेष उतरतात. औषध पशुवैद्यकाच्याच सल्ल्याने वापरावे.

मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत योग्यच आहे, कारण लाल मुंग्या नवजात पिलांना जिवंतपणीच कुरतडतात. परंतु त्याच वाट्यांत डास वाढतात आणि डास देवीरोगाचा विषाणू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतात. एक शत्रू अडवताना दुसऱ्याला पाळणा मिळतो. पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून वाट्या घासाव्यात, किंवा त्यांत पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर राहील असे जुने इंजिन ऑइल घालावे. विष्ठाही आठवड्यातून दोनदा काढावी, म्हणजे माशीच्या अळीला कोष होण्याइतका अवधी मिळत नाही.

तळ संपूर्ण जाळीचा ठेवल्यास पायांना जखमा होतात. अर्ध्या भागात फळी टाकून त्यावर भाताचे कोरडे तूस पसरावे. हा भाग छपराखाली, पावसाच्या झडीपासून दूर असावा. उन्हाळ्यात पश्चिमेकडे ओले गोणपाट बांधावे, मात्र हवा खेळती राहील इतकी फट सोडावी. लावे धापा टाकू लागले की सावली अपुरी आहे असे समजावे. एका पसरट टोपल्यात बारीक कोरडी माती व चाळलेली राख ठेवावी. पक्षी त्यात लोळून उवा झटकतात. ही माती ओली होताच बदलावी. पिले असल्यास पाण्याच्या भांड्यात गोटे टाकावेत, कारण ती अंगठ्याएवढी असतात आणि उथळ बशीतही बुडतात.