सावंतवाडीला येताय? मग यादी आधी निम्मी करा

बाय, लग्नानंतर पहिल्यांदाच जावईबापूंना आपलं गाव दाखवायला आणतेयस, बरं वाटलं. तू पाठवलेली यादी वाचली. राजवाडा, आंबोली, वेंगुर्ला, रेडीचा गणपती आणि वर गोवासुद्धा! एवढं सगळं शनिवार-रविवारात बसवलंत तर जावयाला गाव दिसेल ते गाडीच्या काचेतून. त्यातलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं, ते काकाचं ऐका.

पहिलं तिकीट. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी बसायचं. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे शुक्रवारी जेवूनखाऊन निघणार असाल तर तिकिटावर शनिवारची तारीख हवी. इथे भले भले फसतात आणि गाडी गेल्यावर चोवीस तासांनी फलाटावर उभे राहतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून घ्या. गणपतीत फक्त फिरायला म्हणून येऊ नका. तेव्हा अख्खी मुंबई कोकणात उतरते, आणि इथलं प्रत्येक घर आपापल्या गणपतीत असतं.

सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, गावातल्या मोती तलावाकाठी नव्हे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. गाडी घेऊन येणार असाल तर महामार्ग आता झारापहून शहराबाहेरून पत्रादेवीकडे जातो. झारापला आत वळायचं राहिलं की तुम्ही गप्पांच्या नादात बांद्याला पोचाल. पुण्याहून आजरा-आंबोलीमार्गे येणार असाल तर पावसाळ्यात घाट उजेडी उतरा. धुकं दाटलं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही.

खोली घ्यायची ती मोती तलावापासून चालत जाता येईल अशीच. लांबची स्वस्त खोली रिक्षाच्या भाड्यात महाग पडते. दुपारी एकनंतर गाव जेवून आडवं होतं. दुकानांची फळ्या-शटरं चारच्या सुमारास पुन्हा उघडतात, तोवर बाजारात फिरून काही हाती लागत नाही. तुम्हीही जेवा आणि निजा.

जेवणाचंही सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमई-पापलेटचा हट्ट धरलात तर बर्फातलं मिळेल. त्या दिवसांत कोंबडी-वडे घ्या, नाहीतर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर ओल्या काजूची उसळ विचारल्याशिवाय उठू नका.

ऊन उतरलं की तळ्यावर या. १८७४ साली बांधलेला हा तलाव भर गावात आहे. एका काठाला राजवाडा, दुसरीकडे बाजार, मागे नरेंद्र डोंगर. आमची आजी म्हणायची, सावंतवाडीत पाहुणा आला की त्याला आधी तळ्याला फेरी मारून आणावी, मग तो कुठेही चुकत नाही. खरंच आहे ते. एक फेरी मारली की कुठली वाट कुठे जाते ते कळतं. घाईने फोटो काढून परतू नका.

रविवारची सकाळ राजवाड्याची. तिसरे खेमसावंत (१७५५-१८०३) यांच्या काळातला हा वाडा. आत जायच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. तिथे कारागीर गंजिफेचे पत्ते रंगवत बसलेले असतील तर नुसतं डोकावून पुढे जाऊ नका, शेजारी थांबा. गोल पान, त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर, घोटून गुळगुळीत केलेला. मग बारीक कुंचल्याने चित्र. दशावतारी गंजिफेत १० अवतारांची प्रत्येकी १२ पानं, म्हणजे १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आणि खेळाची गंमत अशी, की दिवसा डाव रामवाल्याने सुरू करायचा आणि रात्री कृष्णवाल्याने. जावयाला हे तिथेच सांग, लक्षात राहील. ही कला जवळजवळ विझली होती. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात तिला वाड्यातच जागा करून दिली, म्हणून आज बघायला मिळते. गंजिफेच्या किमतीत घासाघीस करू नका. पूर्ण जोड परवडला नाही तर सुटी पानं घ्या.

घासाघीस करायची ती लाकडी खेळण्यांच्या चितार आळीत, तीही बेताची. लाकडी फळं घेताना फळ उन्हात धरून बघा. रंग सगळीकडे सारखा बसलाय का, देठ घट्ट आहे का, ओल्या रुमालाने पुसलं तर रंग सुटतो का. घरात लहान पोर असेल तर ही शेवटची परीक्षा चुकवू नका, कारण केळं आधी तोंडात जाणार. पहिल्याच दुकानात पैसे काढू नका, आळीच्या टोकापर्यंत जाऊन परत या.

आता यादीतलं उरलेलं. परतीची तुतारी संध्याकाळी सुटते. म्हणजे रविवारी तुमच्या हातात एकच फेरा आहे. पाऊस असेल तर आंबोली, एरवी वेंगुर्ल्याचा समुद्र. दोन्ही नको. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्यावर जत्रा भरते, तेव्हा जायचं तर भल्या सकाळी जा आणि राजवाडा शनिवारी संध्याकाळी जमतो का ते बघा. रेडी पुढच्या खेपेला. गोवा तर खोडूनच टाका, तो कुठे पळून जात नाही.

तारीख अजून ठरली नसेल तर त्रिपुरी पौर्णिमेनंतरची धरा. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा पौर्णिमेच्या लगोलग असते आणि पुढे गावोगावच्या जत्रांना दशावतार उभा राहतो. खेळ रात्री उशिरा लागतो आणि पहाटेपर्यंत चालतो. शाल, बसायला सतरंजी आणि खाज्यासाठी सुटे पैसे एवढं जवळ ठेवा. पुरुषांनीच केलेल्या राण्या आणि तिथल्या तिथे रचलेले संवाद बघून जावईबापू झोप विसरतील.

आणि एक. आपला आठवडा बाजार मंगळवारी भरतो. शनिवार-रविवारच्या पाहुण्याला तो कधीच भेटत नाही. म्हणून जमलं तर सोमवार-मंगळवारची रजा जोडून घ्या. साहेबाला कारण काय सांगायचं ते जावईबापूंना सुचेलच. नाही सुचलं तर मला फोन करायला सांग.