भिजलेले पिल्लू आणि उष्णतेचा हिशोब

मांजराच्या भिजलेल्या पिल्लाचा आणि भौतिकशास्त्राचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. वीस वर्षे उष्णता हा विषय शिकवूनही माझ्या तो ध्यानात आला नव्हता. आला, तोही एक चूक केल्यानंतर.

गेल्या वर्षी जुलैत साताऱ्यात पावसाची झड लागली होती. महाविद्यालयात दुचाकी ठेवण्याच्या छपराखाली अकरावीच्या मुलांना एक पिल्लू दिसले. असे पिल्लू दिसताच उचलू नये. मांजरी आपली पिल्ले एकेक करून जागा बदलते, त्यामुळे ती परत येण्याचा संभव असतो. म्हणून काही तास लांबून पाहावे. मुलांनी सकाळच्या तासापासून तसे पाहिले. मांजरी आली नाही. दुपारी पाऊस आडवा येऊ लागला आणि पिल्लू ओलेचिंब झाले. मग मात्र वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मुलांनी ते प्रयोगशाळेत आणले. "सर, हे जगेल का हो?"

शिक्षकाला उत्तर येत नसले की तो काहीतरी मोजू लागतो. मी पिल्लू तराजूवर ठेवले. वजन २२२ ग्रॅम भरले. डोळे उघडलेले, पण निळसर, म्हणजे वय सुमारे दोन आठवडे. काखेत तापमापी धरली तेव्हा पारा ३१ अंश सेल्सिअसच्या पुढे सरकेना. मोठ्या मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असते आणि या वयाच्या पिल्लाचे त्याहून थोडेच कमी.

पिल्लू घरी नेले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ड्रॉपरने कोमट दूध पाजणे. हीच माझी चूक. पिल्लाने गिळले नाही, दूध नाकातून बाहेर आले आणि ते ठसकू लागले. घाबरून पशुवैद्यांना फोन केला. "सर, आधी ऊब, मग दूध," ते जरा रागानेच म्हणाले. गार पडलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही, त्याचे आतडेही चालत नाही. दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात गेले, तर पिल्लू हातचे जाते.

माझी आई दारात उभी राहून हे सारे पाहत होती. बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आईचे बोलणे 'हो' आणि 'नको' यांपुरते उरले होते, आणि रात्रभर ती जागी असे. ती पुढे झाली. "दे इकडे. अरे, त्याला पुसलंस तरी का?" तिने आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला आणि पिल्लाला हलक्या हाताने टिपून टिपून कोरडे केले.

नंतर मी पुन्हा वजन केले, तेव्हा ते २१० ग्रॅम भरले. म्हणजे त्या इवल्याशा केसाळ अंगावर १२ ग्रॅम पाणी होते! आता हिशोब पाहा. सुमारे ३० अंशाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास ५८० कॅलरी उष्णता लागते. १२ ग्रॅमला जवळजवळ ७,००० कॅलरी झाल्या. प्राण्याच्या शरीराची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.८३ धरली, तर २१० ग्रॅमच्या पिल्लाचे तापमान एक अंशाने उतरण्यास त्याच्या अंगातून १७५ कॅलरी जाव्या लागतात. ७,००० ला १७५ ने भागा. उत्तर येते ४० अंश! अर्थात ही सगळी उष्णता पिल्लाच्याच अंगातून जात नाही. बरीचशी भोवतालच्या हवेतून येते, आणि पिल्लू स्वतःही उष्णता निर्माण करीत असते. पण चौथा हिस्सा जरी अंगातून गेला, तरी १० अंशांची घट होते. दुधाच्या आधी लुगड्याचा तुकडा का, हे एवढ्यावरून कळावे.

कोरडे झाले तरी पिल्लू गार का पडते, हा पुढचा प्रश्न. उष्णता निर्माण होते ती सबंध शरीरात आणि बाहेर जाते ती पृष्ठभागातून. आपले पिल्लू ६ सेंमी बाजूचा घन आहे असे समजू. (मांजर घनाकृती नसते हे मलाही ठाऊक आहे, पण गणित सोपे होते.) त्याचे घनफळ २१६ घन सेंमी, म्हणजे वजन साधारण तितकेच ग्रॅम. पृष्ठफळ २१६ चौरस सेंमी. दर ग्रॅममागे १ चौरस सेंमी. आता ६४ किलो वजनाचा माणूस घ्या. त्याचा घन ४० सेंमी बाजूचा, पृष्ठफळ ९,६०० चौरस सेंमी. दर ग्रॅममागे अवघे ०.१५! म्हणजे पिल्लाच्या प्रत्येक ग्रॅमला उष्णता गमावण्यास आपल्या सहापटींहून अधिक पृष्ठभाग मिळतो. एका वाटीत आणि एका तांब्यात सारखेच गरम पाणी घेऊन दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. वाटी आधी निवेल.

यावर पिल्लांनी शोधलेला उपाय मोठा सुंदर आहे. ती एकमेकांना बिलगून झोपतात. आपले चार घन दोन-दोनच्या दोन ओळींत चिकटवून ठेवा. सुटे असताना त्यांचे एकूण पृष्ठफळ ८६४ चौरस सेंमी होते, ते ५७६ वर येते. तिसरा हिस्सा वाचला. आमच्या पिल्लाला मात्र बिलगायला कोणी नव्हते. भावंडांची जागा आईने अर्धा लिटरच्या रबरी पिशवीला दिली. ४५ अंशाचे पाणी ३८ अंशापर्यंत निवताना ३,५०० कॅलरी देते. पिल्लाला ३१ वरून ३६ अंशावर आणण्यास ८७५ पुरेत. बाकीची उष्णता खोलीत जाते, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा बदलावे लागते. पिशवी कापडात गुंडाळावी, नाहीतर कातडी भाजते. आणि पिल्लाला तिच्यापासून दूर सरकायला खोक्यात जागा ठेवावी. आई रात्रभर तासातासाने उठत होती. मला म्हणाली, "तू झोप. मला नाहीतरी झोप कुठे येते!"

पहाटे पिल्लू आवाज करू लागले. पशुवैद्यांनी सुचवलेली, पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणली. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रथिने असतात. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू पोसत नाही आणि बहुधा हगवण लागते. दर तीन-चार तासांनी, पिल्लाला पालथे धरूनच पाजावयाचे आणि नंतर ओल्या कापसाने पोटाखाली पुसावयाचे. मांजरी चाटते ते यासाठीच, त्याशिवाय एवढ्या लहान पिल्लाला लघवी होत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. भटक्या मांजराने, मग ते पिल्लू का असेना, चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज झाल्यावर उपाय नाही, तो व्हायच्या आधीच आहे.

बाबांच्या कोऱ्या राहिलेल्या रोजनिशीत आई रोज वजन लिहू लागली. २१०, २०६, २१५, २२८. पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढावे लागते. चौथ्या दिवशीचा आकडा सांगायला तिने मला तास चालू असताना फोन केला. चार महिन्यांत तिने आपणहून केलेला तो पहिलाच फोन होता.

त्याच सुमारास एका रात्री पिल्लू तिच्या मांडीवर गुरगुरू लागले. या गुरगुरीची वारंवारता सेकंदाला २५ ते ३० कंपने असते. माणसाच्या कानाची मर्यादा २० पाशी येते, म्हणून हा आवाज आपण ऐकतो त्यापेक्षा तळहाताने अधिक अनुभवतो. एवढ्याशा प्राण्याच्या स्वरयंत्रातून इतकी मंद कंपने कशी निघतात? २०२३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील ख्रिश्चन हेर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रांतून हवा सोडून पाहिली. मेंदूचा संबंध नसतानाही त्यांतून २५ ते ३० कंपनांचा आवाज निघाला. स्वरतंतूंत रुतलेल्या ऊतींच्या गाद्या त्यांचे वजन वाढवत असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. जाड तार मंद वाजते, तसेच हे.

आई आता रात्री पाच-सहा तास झोपते. श्रेय पिल्लाला द्यावे काय? १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभराची पाहणी प्रसिद्ध केली. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ पैकी ३ आणि नसलेल्या ३९ पैकी ११ दगावले. आकडे बोलके वाटतात. पण प्राणी पाळणारे लोक मुळातच अधिक धडधाकट असतील तर? पुढे १९९५ मधल्या मोठ्या पाहणीत कुत्रे पाळणाऱ्यांना फायदा दिसला, मांजर पाळणाऱ्यांना दिसला नाही! आमच्या घरी तर तुलनेला दुसरी आई नाही, आणि काळही मधे गेला आहे. मला एवढेच ठाऊक आहे की, त्या आठवड्यात दर तीन तासांनी तिला कोणासाठी तरी उठावे लागत होते.

मुलांनी पिल्लाचे नाव 'कॅलरी' ठेवले आहे. आई त्याला 'माऊ'च म्हणते. लसी टोचून झाल्या, नसबंदीही झाली. रोजनिशीत आता महिन्यातून एकदाच नोंद असते. गेल्या खेपेची नोंद ४ किलो १०० ग्रॅम अशी आहे. १६ सेंमी बाजूचा घन धरून, दर ग्रॅममागे आता पृष्ठफळ किती उरले, ते तुम्हीच काढा.