नित्य नेम व त्याचा उपयोग

पाठाचा उतारा : दानीएल ६ : १–२३

खेडोपाडींच्या मंडळ्यांत प्रार्थनेविषयीं शिकवितांना एक आक्षेप वारंवार पुढें येतो, आणि तो वरवरचा नाहीं. "जुने नेमधर्म सोडून आम्ही ख्रिस्ताकडे आलों, मग सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, ठरलेला अध्याय, ठरलेली वेळ, हें नव्या नांवाचें जुनेंच कर्म नव्हे काय? देव अंतःकरण पाहतो, घड्याळ पाहत नाहीं." असें म्हणणारा मनुष्य पुष्कळदां प्रामाणिक असतो. दुसरीकडे एखादा उपदेशकच एकांतांत कबूल करितो कीं, तेच शब्द वर्षानुवर्षें उच्चारून आतां ओंठ तेवढे चालतात, मन मात्र पेरणीच्या हिशेबांत असतें. या दोघांसही उत्तर दिलें पाहिजे.

दानीएलाची गोष्ट लहान मुलांसही पाठ असते. परंतु ती सांगतांना आपण सिंहांकडे इतके पाहतों कीं, दहाव्या वचनाकडे लक्षच जात नाहीं. राजा दारयावेश याच्या सहीचा हुकूम निघाला होता : ३० दिवसपर्यंत राजावांचून कोणत्याही देवापाशीं किंवा मनुष्यापाशीं कोणी कांहीं मागूं नये. हें कळल्यावर दानीएल आपल्या घरीं गेला. माडीवरच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमेकडे उघडत असत. तेथें तो दिवसांतून तीन वेळां गुडघे टेकून प्रार्थना करीत असे, व त्या दिवशींही त्यानें तेंच केलें. हें तो पूर्वींही करीत असे, असें शास्त्र मुद्दाम सांगतें. त्यानें त्या दिवशीं नवें धैर्य गोळा केलें नाहीं, नवा नवस केला नाहीं. गुडघ्यांस वाट ठाऊक होती.

ती किती वर्षांची वाट होती, हेंही पाहावें. यहूदांतून ख्रि. पू. ६०५ च्या सुमारास जीं मुलें धरून नेलीं, त्यांत तो होता. बाबेल पडलें तें ख्रि. पू. ५३९ मध्यें. म्हणजे सुमारें ६६ वर्षें तो परक्यांच्या चाकरींत होता, व आतां ऐंशीच्या घरांत आला होता. यरुशलेमेंतील मंदिर ख्रि. पू. ५८६ मध्यें जळालें, तेव्हांपासून सकाळ-संध्याकाळचें नित्य अर्पण बंद पडलें होतें. तरी नवव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनांत दानीएल वेळ सांगतो ती संध्याकाळच्या अर्पणाची! वेदी नाहीं, याजक नाहीं, कोंकरूं नाहीं. परंतु बाबेलांतील या वृद्धाचा दिवस अजून त्याच मापानें मोजला जात होता. परक्या भाषेंत, परक्या नांवानें राहूनही आपण कोणाचे आहों हें तो विसरला नाहीं, कारण दिवसांतून तीनदां तें त्यास आठवत असे. आपल्या मंडळ्यांतील जीं कुटुंबें ऊसतोडीसाठीं सहा-सहा महिने गांव सोडून जातात, त्यांस हें विशेष लागू आहे. खोपीपुढें ना मंदिर, ना घंटा, ना पाळक. तेथें जो नेम घरून बरोबर गेला असेल, तोच टिकतो.

आणखी एक गोष्ट. राज्यांतील १२० प्रांताधिकाऱ्यांवर जे तिघे अध्यक्ष होते, त्यांत दानीएल एक. त्याच्या कारभारांत वैऱ्यांनीं दोष शोधिला, तो सांपडला नाहीं. प्रार्थनेंत नेमस्त असलेला मनुष्य हिशेबांतही नेमस्त होता. आणि त्याचा नेम वैऱ्यांसही पाठ होता. त्यावरच तर त्यांनीं आपला डाव रचिला.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. प्रभूनें मत्तय ६ : ७ यांत जी निषेधिली ती बडबड, वेळ निषेधिली नाहीं, व पुनरुक्तीही निषेधिली नाहीं. तो स्वतः शब्बाथ दिवशीं आपल्या परिपाठाप्रमाणें सभास्थानांत जात असे (लूक ४ : १६). गेथशेमानेंत त्यानें तिसऱ्यांदां प्रार्थना केली ती पहिल्याच शब्दांनीं (मत्तय २६ : ४४). त्या रात्रींच्या प्रार्थनेस कोणी पोकळ म्हणेल काय? भेद शब्दांत नसून हेतूंत आहे. इतक्या वेळां म्हटलें म्हणजे देव बांधला गेला, असें समजणें निराळें. आणि बाप ऐकतो म्हणून पुन्हां त्याच दारीं येणें निराळें.

ज्या उपदेशकाचें मन कोरडें झालें आहे, त्यास आम्ही सांगूं कीं, नेम सोडूं नये. गाईची धार रोज दोन वेळां काढावी लागते. काढणाऱ्याचें मन ठिकाणीं नसलें म्हणून तें दूध लेंकरास कमी पोसत नाहीं. तथापि एवढ्यावर समाधान मानणें बरें नव्हे, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेविलेल्या मान्न्यास किडे पडले (निर्गम १६ : २०). रोजच्या प्रार्थनेंत गांवांतील एका घराचें नांव घ्यावें, आज हें, उद्यां तें. आणि त्या दिवशीं त्या घरीं जाऊन यावें. शब्द जुनेच राहतील, परंतु त्यांत माणसें येतील.

केरीसाहेबांचें उदाहरण मराठी वाचकांस जवळचें आहे. हे इंग्लंडांत जोडे शिवीत. १७९३ सालीं बंगाल्यांत आले. पुढें हुगळीकांठच्या श्रीरामपुरास (महाराष्ट्रांतील श्रीरामपूर नव्हे) त्यांचा छापखाना झाला, व कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते मराठीही शिकवूं लागले. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं, कोश १८१० सालीं व मराठी नवा करार १८११ सालीं निघाला. जून १८०६ मधील एका पत्रांत त्यांनीं आपला एक दिवस लिहून ठेविला आहे : सहाच्या सुमारास उठून इब्री शास्त्राचा अध्याय, एकांतांतील प्रार्थना, चाकरांसह बंगाली प्रार्थना, मुनशीजवळ फारशी, मग कॉलेज, पंडिताबरोबर संस्कृत भाषांतर, संध्याकाळीं तेलुगु, त्यानंतर उपदेश, पुन्हां भाषांतर, आणि निजण्यापूर्वीं ग्रीक नव्या कराराचा अध्याय. आपल्या अंगीं गुण असेल तर नेटानें चालत राहण्याचा, असें ते म्हणत. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागून टाइप, कागद व कित्येक हस्तलिखितें जळालीं. तेव्हां त्यांनीं कळविलें कीं, एकदां चाललेली वाट दुसऱ्यानें चालतांना सोपी जाते. आणि ते पुन्हां कामास बसले.

परंतु याच घराची दुसरी बाजू लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्यांच्या पत्नी डॉरोथीबाई अनेक वर्षें मनाच्या व्याधीनें पीडित राहून १८०७ सालीं वारल्या, आणि मुलांकडे पाहण्याचें ओझें पुष्कळसें मार्शमनबाई व वॉर्डसाहेब यांनीं उचललें. यांत दोष कोणाचा, हा निवाडा आम्ही करणार नाहीं. तरी जो उपदेशक आपला दिवस तासांत वांटतो, त्यानें त्या कागदावर आपल्या घरच्यांचा तास कोठें आहे तें पाहावें. प्रभूचा क्रमही मोडला गेला होता : शिष्यांस घेऊन विसाव्यास एकांतीं गेला असतां लोकांची गर्दी पुढें येऊन उभी राहिली, तो रागावला नाहीं, त्यांस शिकवूं लागला (मार्क ६ : ३१–३४). प्रार्थनेच्या वेळीं दारांत आजाऱ्याचें बोलावणें आलें, तर पुस्तक मिटून जावें, व परत आल्यावर तेंच पान उघडावें.

हा पाठ शिकवितांना उपदेशकांनीं वर्गास सोळावें व विसावें वचन वाचावयास लावावें. दानीएल आपल्या देवाची सेवा नित्य करितो, असें दोन्ही ठिकाणीं राजा म्हणतो. राजा परधर्मी, त्यानें दानीएलाचा उपदेश ऐकिल्याचें येथें कोठें लिहिलेलें नाहीं. मग हें त्यास कशावरून कळलें असेल, असें विचारावें, आणि उत्तर वर्गासच शोधूं द्यावें.