जुन्या ट्रॅक्टरच्या दोषांची परीक्षा

नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत प्रत्येक शेतकऱ्याची नसते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे वापरलेला ट्रॅक्टर विकत घेऊन त्यावर नांगरट, पेरणी व वाहतूक करण्याचा प्रघात खेडोपाडी रूढ झाला आहे. अशा व्यवहारात लबाडी असतेच असे नाही. परंतु घेणाऱ्याचे लक्ष बहुधा रंग, टायर आणि किंमत यांवर खिळलेले असते व इंजिनाची परीक्षा एक चक्कर मारून उरकली जाते. मग मृगाच्या तोंडावर यंत्र शेतात बसते, मेस्त्री इंजिन खोलावयास सांगतो आणि बियाण्याचा पैसा लायनर-पिस्टनात जातो. वास्तविक बहुतेक दोष इंजिन न खोलता बाहेरून ओळखता येतात. त्याकरिता डोळे, कान, नाक, एक पांढरा फडका व दोन तासांचा धीर एवढी सामग्री पुरेशी होते.

परीक्षेस जावयाचे ते सकाळी, इंजिन थंड असतानाच. गेल्याबरोबर बॉनेट उघडून इंजिनास हात लावून पाहावा. ते कोमट लागले तर मालकाने अगोदरच सुरू करून ठेवले होते असे समजावे व थंड होईपर्यंत खुशाल बसून राहावे. झिजलेले इंजिनही एकदा तापले की चटकन सुरू होते. त्याची खरी स्थिती थंडपणीच कळते.

सुरू करण्यापूर्वी तेल व पाणी पाहावे. डिझेल इंजिनाचे तेल काळे दिसणे हा दोष नव्हे. पट्टीवर ते दुधाळ अथवा ताकासारखे दिसले तर मात्र तेलात पाणी उतरले आहे हे निश्चित. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असून तेल पातळ आणि डिझेलच्या वासाचे असेल, तर डिझेल पंपाकडून डिझेल आत गळत असावे. उलट तेल काकवीसारखे दाट असेल, तर धूर व खडखडाट झाकण्यासाठी ते मुद्दाम घातल्याचा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय व आत क्षाराचा पांढरा थर बसला आहे काय, हे पाहावे. खाऱ्या विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या रेडिएटरात असा थर हमखास आढळतो.

आता सेल्फ मारावा. इंजिन मंद फिरत असेल तर इंजिनाला बोल लावण्यापूर्वी दिवे लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके गंजून सैल झाली आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले व सेल्फ गप्प राहिला तर दोष सेल्फच्या स्विचात अथवा तारेत शोधावा. इंजिन झपाट्याने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. धुराचा लवलेशही नसेल तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते पण जळत नाही. दाब कमी पडतो किंवा पंपाची वेळ चुकलेली आहे.

डिझेल न पोचण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे इंजिनाने एअर घेणे. टाकी कोरडी होईपर्यंत ट्रॅक्टर चालविला, किंवा फिल्टर बदलताना वायसर नीट बसला नाही, की नळीत हवा शिरते. प्रथम फिल्टरवरील बोल्ट सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की बोल्ट आवळावा. मग हेच पंपावरील स्क्रूशी करावे. शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारावा. अर्ध्या तासाच्या या कामासाठी ट्रॅक्टर ओढून गावी नेणारे व तेथे पंपाचे काम काढणारे शेतकरी थोडे नाहीत.

इंजिन चालू झाल्यावर धुराची परीक्षा करावी. ही परीक्षा सर्वांत बोलकी आहे. म्हणून ती घाईने करू नये.

काळा धूर म्हणजे अपुरे ज्वलन: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एक्सलरेटर एकदम दाबल्यावर क्षणभर काळा झोत येणे स्वाभाविक आहे. सतत येणे स्वाभाविक नाही. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनरमध्ये भुसकट व धूळ गच्च बसते, शक्ती कमी पडते आणि 'पिस्टन गेले' असे निदान होते. याचा पडताळा सोपा आहे. धूळ नसलेल्या जागी ट्रॅक्टर उभा करून एअर क्लीनरची नळी मिनिटभर काढावी. धूर कमी झाला तर दोष एअर क्लीनरचा. तो घासलेटात धुऊन, त्यातील तेल खुणेपर्यंत भरून, किंवा कागदी फिल्टर असल्यास तो बदलून भागते. धूर तसाच राहिला तर इंजेक्टर तपासून घ्यावेत. नळी काढलेल्या अवस्थेत ट्रॅक्टर शेतात मुळीच चालवू नये. काळ्या जमिनीची धूळ इंजिनात गेली तर लायनरास कानस लावल्यासारखीच झीज होते.

निळा धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. सायलेन्सरच्या तोंडासमोर पांढरा फडका थोडा वेळ धरावा. कोरडी काजळी बसली तर चिंता कमी; तेलकट ठिपके पडले तर बहुधा तेल जळत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरने सकाळी निळा झोत टाकून नंतर स्वच्छ चालणे, हे व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्याचे लक्षण असते. ओझ्याखाली निळा धूर सतत येत असेल व ब्रीदरमधूनही धुराचे लोट भकाभका निघत असतील, तर रिंगा व लायनर संपले आहेत. येथे इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो खर्च सौद्याच्या किमतीतून वजा झालाच पाहिजे. एअर क्लीनरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यासही निळा धूर येतो. म्हणून ते आधी पाहावे.

थंडीत सुरुवातीस पांढरा धूर येऊन विरला तर हरकत नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला, पाणी घटू लागले आणि रेडिएटरात सारखे बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट फुटले आहे असे मानावे. हे बुडबुडे पाहण्यासाठी झाकण थंडपणीच काढून मग इंजिन सुरू करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्याने तोंड भाजल्याचे प्रसंग घडतात.

इंजिन अडखळत चालत असेल तर कोणते सिलिंडर काम करीत नाही हे हळू गतीवर शोधता येते. एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट फडका धरून पान्याने किंचित सैल करावा. आवाज बदलला तर ते सिलिंडर काम करीत होते. जेथे आवाजात फरक पडत नाही तेथे दोष आहे. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, सबब हात व तोंड दूर ठेवावे. ही रीत जुन्या साध्या पंपाच्या इंजिनांपुरतीच आहे. अलीकडील कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांवर ती कदापि करू नये; त्यांतील दाब जीवघेणा असतो.

यानंतर नांगर जोडून अर्धा तास जमिनीत चालविल्याखेरीज पसंती देऊ नये. इंजिन तापत असेल तर प्रथम रेडिएटरच्या जाळीतील भुसकट व पंख्याचा सैल पट्टा पाहावा. क्लचसाठी सपाट मोकळ्या जागी ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो. उतारावर गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरपेटीचे काम निघणार. लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद करावे. अवजार पाहता पाहता खाली बसले तर आतील सील अथवा व्हॉल्व्ह गळतो. स्टिअरिंगची ढिलाई व दोन्ही ब्रेक सारखे लागतात की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. तासांच्या मीटरवर फारसा विश्वास ठेवू नये. तार काढली की तो थांबतो. पॅडलची झीज व लिफ्टच्या भोकांचा आकार त्याहून खरे सांगतात.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषि यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरांच्या निरनिराळ्या जातींची चाचणी होते. घ्यावयाच्या जातीचा चाचणी अहवाल मिळाल्यास मूळ शक्ती व डिझेलचा खर्च यांची तुलना करता येते. नोंदणी पुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे काय, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास इसार देण्यापूर्वीच तपासावयास लावावे.

व्यवहार पुरा झाल्यावर ट्रॅक्टर कामास जुंपण्याआधी इंजिनाचे तेल, तेलाचा व डिझेलचा फिल्टर बदलावा, टाकीच्या तळाचे पाणी काढावे आणि त्या दिवसाची तारीख व मीटरचा आकडा एका वहीत लिहून ठेवावा. दर आठवड्यास तेल व पाणी किती घालावे लागले याची नोंद त्याच वहीत करावी.